कोंबड्याच्या डोळ्यावर नेम

स्वयंपाकघरात उभी राहून सून पिस्तुलाचा चाप ओढते, हे चारचौघांत सांगायला ओलीटा ग्रिम्सला लाज वाटायची. तरी ती सांगायची. चर्चच्या दारात सांगायची, केस सेट करायला जायची तिथे सांगायची, किराणाच्या दुकानात रांगेत पुढे कोण उभं आहे हे न बघता सांगायची. रोज संध्याकाळी बीन्स शिजायला टाकले की मार्ला आपलं पिस्तूल रिकामं करी, दोनदा आत बोट घालून बघे, गोळ्या मागच्या व्हरांड्यातल्या फ्रीजरवर ठेवून येई, आणि मग चुलाण्याच्या दगडी भिंतीवर लावलेल्या कोंबड्याच्या आकाराच्या घड्याळासमोर उभी राहून रिकाम्या पिस्तुलाने नेमाचा सराव करी. टक्. टक्. टक्. दहा मिनिटं. नेम कोंबड्याच्या डोळ्यावर.

तो कोंबडा ओलीटाला तिच्या नवऱ्याने, व्हर्लने, लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा आणला होता, आणि व्हर्लला जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. पिस्तुलात काही नसतं हे ओलीटाला कळत होतं. पण तिच्या घरात, तिच्या कोंबड्याकडे कोणी असं एक डोळा बारीक करून बघावं, हे काही तिला खपत नव्हतं. शिवाय बीन्स बुडाला लागायचे. आठवड्यातून एकदा तरी लागायचेच.

"पियानो आहे का तो, रोज बसायला?" ओलीटा म्हणायची.

"नाही मॅम," मार्ला म्हणायची. टक्.

"माझ्या बापाने मला एकदा शिकवलं. एकदा. गाय पिळायला काय रोज शिकतं का माणूस?"

"नाही मॅम." टक्.

या 'हो मॅम' आणि 'नाही मॅम'चं काय करायचं, हे ओलीटाला चौदा वर्षांत उमगलं नव्हतं. उलट बोलणाऱ्या सुनेशी भांडता तरी येतं. मार्ला दातांच्या दवाखान्यात कामाला होती, दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघायची, त्यामुळे समोरचा बोलत असताना आपण गप्प राहायचं हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. सासूला ती अजून 'मिस ओलीटा' म्हणे, आणि दुसरं काही म्हण असं ओलीटानेही तिला कधी सांगितलं नव्हतं. मुलगा क्लेट ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. ओलीटाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोघं तिच्या घरी राहायला आली ती राहिलीच. आपण त्यांना आसरा दिला आहे असं ओलीटा गावात सांगायची. बीन्स कोण शिजवतं, औषधं कोण आणतं, बाथरूममध्ये धरायला दांडा कोणी बसवला, हे ती सांगत नसे. कोणी विचारतही नसे.

आता ओलीटाच्या पर्सबद्दल. पर्स तपकिरी कातड्याची, जड, आणि बेथेल रिजच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेली. अकरा वर्षं दर रविवारी ओलीटा चर्चच्या दारात उभी राहून येणाऱ्याचा हात हातात घेई, गुडघ्याची चौकशी करी, पोरांना पर्समधून बटरस्कॉच काढून देई. त्याच पर्समध्ये, बटरस्कॉचच्या खाली, कागदी रुमालांच्या खाली, पाच गोळ्यांचं एक छोटंसं रिव्हॉल्व्हर असे. आधी व्हर्लचं जुनं जड धूड होतं. सहा वर्षांपूर्वी खांदा दुखायला लागला तेव्हा हे नवीन घेतलं, मुठीत मावेल एवढं. ते तिथे आहे हे कोणाला माहीत नसायला हवं होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला ते माहीत नाही असं सगळे नीट दाखवायचे. दारात उभी राहणारी बाई म्हणजे नुसती हात मिळवणारी बाई नव्हे, अख्ख्या चर्चची राखण करणारी बाई, असं ओलीटा स्वतःला समजायची. आठवडाभर ती त्या एका तासासाठी जगायची म्हटलं तरी चालेल. खुबा नवीन घातला तेव्हासुद्धा तिसऱ्या रविवारी ती काठी घेऊन दारात हजर.

या रिव्हॉल्व्हरमधून सहा वर्षांत तिने किती गोळ्या झाडल्या होत्या? पाच. दुकानदाराच्या मागच्या अंगणात, घेतलं त्या दिवशी. नंतर दुसऱ्या पाच भरल्या त्या आजतागायत तशाच. तिला सरावाची गरज नव्हती, कारण तिची ती खार होती.

खार अशी, की ओलीटा चौदा वर्षांची असताना बापाच्या रायफलीने तिने ओकच्या झाडावर धावत्या खारीचा डोळा टिपला होता. बापाने ती खार शेजाऱ्यांना दाखवली, आईने तिचा रस्सा केला, आणि त्या एका खारीवर ओलीटाने पुढची छप्पन्न वर्षं काढली. बंदुकीचा विषय निघाला की खार निघायची. क्लेटला ती तोंडपाठ होती. ब्रदर लॉनी, म्हणजे चर्चचे पाद्री, त्यांनी एकदा प्रवचनातही ती सांगितली होती.

तर ऑगस्टच्या शेवटी याच ब्रदर लॉनींनी एक कागद वाटला. ओलीटाची शाळा सहावीत सुटलेली. छापील अक्षर तिला लागायचं, पण हळूहळू, म्हणून कागद मार्लाने वाचून दाखवला. यापुढे चर्चमध्ये जो कोणी हत्यार बाळगेल त्याने आधी परीक्षा द्यायची. सात पावलांवर जेवणाची कागदी थाळी. दहा गोळ्या. आठ आत पाहिजेत. नाही जमलं तर हत्यार घरी, आणि दाराची जागा जो पास होईल त्याला. एकूण पाच जण बाळगणारे होते. तीन पुरुष, त्यांना दाराशी उभं राहण्याची हौस नव्हती, कारण दाराशी गुडघ्यांची चौकशी करावी लागते. चौथी ओलीटा. पाचवी मार्ला.

"म्हणजे मी नापास झाले तर तू," ओलीटा म्हणाली.

"असं काही नाही, मिस ओलीटा."

"कागदावर आहे की."

"हो मॅम. कागदावर आहे."

"बरं. मग त्या दिवशी जरा चांगले कपडे घाल, मी आठ मारताना फोटो काढायला."

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सगळे डॉयल पेटिग्रूच्या कुरणावर जमले. डॉयल पूर्वी शेरिफच्या हाताखाली होता, आता गाई पाळायचा आणि लोकांना नेमबाजी शिकवायचा. त्याने एका बाजूला मातीचा उंच बांध घातला होता, त्याच्यासमोर लाकडी चौकट, चौकटीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागदी थाळी. ओलीटाने ताकाची पाई, म्हणजे गोड सारण भरलेला भट्टीतला पदार्थ, भाजून नेली होती, आपण जिंकल्यावर सगळ्यांनी खावी म्हणून. हे आठवलं की ओलीटाला अजून कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटतात. जिंकायच्या आधी पाई भाजणारी बाई.

डॉयलकडे एक फॉर्म होता. नाव, हत्यार कोणतं, आणि सराव किती.

"सराव किती करता, मिस ओलीटा?"

"लागेल तेवढा," ओलीटा म्हणाली.

डॉयलने ते तसंच लिहून घेतलं. मग म्हणाला, "उघडून दाखवा जरा. आत काय आहे बघू."

ओलीटाने बांधाकडे तोंड करून बाजूची कळ ढकलली. गोळ्यांची चकरी बाहेर यायला हवी होती. आली नाही. तिने जोर लावला. आली नाही. डॉयलने ते हातात घेतलं, जरा हलवलं, मग नाकाशी नेलं.

"मिस ओलीटा, याला गोड वास येतोय."

सहा उन्हाळे पर्स गाडीत तापली होती, आणि सहा उन्हाळ्यांचं बटरस्कॉच वितळून आत उतरलं होतं. चकरी, कळ, घोडा, सगळं एका पाकात बसलं होतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. मार्ला पुढे झाली, डॉयलने नळी बांधाकडे धरून ठेवली, आणि मार्लाने दवाखान्यातली टोकाला बारीक आकडा असलेली सळी खिशातून काढून, ओल्या रुमालाने पुसत, दातांच्या फटी साफ करावी तसं ते रिव्हॉल्व्हर साफ केलं. पाच गोळ्या निघाल्या. पितळ हिरवं पडलेलं. एकीला बटरस्कॉचचा कागद चिकटला होता.

"दारात कोणी आला असता," डॉयल हळूच म्हणाला, "तर तुम्ही काय केलं असतं?"

"बटरस्कॉच दिलं असतं," ओलीटा म्हणाली. तोंड अजून चालू होतं तिचं.

मग नव्या गोळ्या भरल्या आणि ओलीटा उभी राहिली. पहिल्या गोळीला ते छोटं रिव्हॉल्व्हर तिच्या हातात असं उसळलं, जणू मांजराला शेपटीने धरलं होतं. पाच झाल्या. पुन्हा पाच. डॉयलने जाऊन थाळी आणली.

तीन.

"ऊन डोळ्यावर येत होतं," ओलीटा म्हणाली.

"ऊन मागून आहे, मिस ओलीटा."

"मग चष्मा."

डॉयल पोर होता तेव्हापासून ओलीटा त्याला ओळखत होती. रविवारच्या शाळेत तिने त्याचा कान पिरगाळला होता. त्यामुळे असेल, त्याने ब्रदर लॉनींकडे बघितलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एक संधी ठरली. तोवर दार ओलीटाचंच, पण पर्स रिकामी. मार्लाने दहापैकी दहा मारल्या. पाई सगळ्यांनी खाल्ली आणि फार छान झालीय म्हणाले, आणि ओलीटाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पाईचं कौतुक ऐकून रडू आलं.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "तुझं पिस्तूल मोठं आहे. मोठ्याने कोणीही मारील."

"हो मॅम," मार्ला म्हणाली. मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत: "छोटंच अवघड असतं. हलकं म्हणून उसळतं, आणि आखूड म्हणून जरा हात हलला की गोळी भलतीकडे. छोट्याला दुप्पट सराव लागतो."

ओलीटाचा सगळा जन्म याच्या उलट समजुतीत गेला होता. छोटी सुरी, छोटा तवा, छोटी गाडी, सगळं बायकांना सोपं. दुकानदारानेही असंच सांगून ते विकलं होतं. पण सुनेने सांगितलेलं खरं मानायचं तर आधी छप्पन्न वर्षांच्या खारीचं काय करायचं हा प्रश्न होता. म्हणून तिने ते खरं मानलं नाही. निदान गाडी घरी पोहोचेपर्यंत.

मंगळवारी मार्ला कामावर गेली. ओलीटाने दोन खोकी गोळ्या आणल्या, सूपचे जुने पत्र्याचे डबे गोळा केले आणि डॉयलला फोन करून सांगितलं की तुझ्या बायकोला बघायला येते आहे. बायको आठवडाभर बहिणीकडे गेली होती हे दोघांनाही माहीत होतं. डॉयलने कुरणाचं फाटक उघडं ठेवलं आणि शहाण्या माणसासारखा गाईंकडे निघून गेला.

ओलीटाचा हिशेब सोपा होता. सहा वर्षं सराव केला नाही, तर सहा वर्षांचा एकदम करून टाकू. लोणचंसुद्धा ती एकदाच घालायची, वर्षाचं. पंचवीस गोळ्या झाल्या तेव्हा अंगठ्याच्या बेचक्यात जळजळायला लागलं. पन्नासला कातडं सोललं. तिने रुमाल गुंडाळला आणि पुन्हा भरायला घेतलं. साठच्या पुढे तिला गोळी सुटायच्या आधीच ती सुटल्याचं जाणवायला लागलं. खांदे आपोआप कानाशी जायचे, डोळे मिटायचे. डबे मात्र जागचे हलले नव्हते. पंच्याहत्तर झाल्यावर एक डबा पडला. वाऱ्याने.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने लोणच्याची बरणी मार्लाकडे सरकवली.

"झाकण घट्ट आहे."

मार्लाने झाकण उघडलं. ते घट्ट नव्हतं. तिने सासूच्या हाताकडे बघितलं. बेचक्यात अंडं मावेल एवढी सूज होती आणि बोटं कोणीतरी दुसऱ्याची उसनी आणल्यासारखी टेबलावर पडली होती.

"किती मारल्या?"

"दहा-बारा."

"मिस ओलीटा."

"पंच्याहत्तर."

"एका दिवसात?"

"सहा वर्षांच्या राहिल्या होत्या," ओलीटा म्हणाली.

मार्ला हसेल म्हणून ती थांबली. हसली असती तर तिला त्या क्षणी घराबाहेर काढायला बरं पडलं असतं. मार्ला उठली, फ्रीजरमधून गोठलेल्या मटारची पिशवी काढली, फडक्यात गुंडाळून सासूच्या हातावर ठेवली. "पाच दिवस हात लावायचा नाही," ती म्हणाली. "दुखत असताना मारलं की हात दुखणंच शिकतो. रविवारी चर्चनंतर आपण दोघी जाऊ. दहा गोळ्या. अकरावी नाही."

"दहाने काय होणार?"

"बघू."

सासूच्या प्रश्नाला 'मॅम' किंवा 'मिस ओलीटा' न लावता दिलेलं हे तिचं पहिलंच उत्तर होतं. ओलीटाच्या ते लक्षात आलं, आणि तिने मटारची पिशवी हातावर नीट दाबून धरली.

रविवारी कुरणावर मार्लाने रिव्हॉल्व्हर सासूच्या हातातून घेतलं, पाठ वळवली, चकरी भरली, बंद करून परत दिलं. "मारा," ती म्हणाली. "घाई नाही."

पहिली सुटली. थाळीच्या खाली, मातीत. ओलीटाने पुन्हा चाप ओढला.

टक्.

काही सुटलं नाही. आवाज नाही, उसळी नाही. आणि तरी रिव्हॉल्व्हरचं नाक असं खाली गेलं, कोंबडी दाणा टिपते तसं, थेट जमिनीकडे. ओलीटाने ते आपल्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे डोळे उघडल्यावर बघितलं. आधी ते मिटलेले होते.

"यात बिघाड आहे," ती म्हणाली.

"बिघाड नाही. गोळीच नव्हती. पाचात दोन खऱ्या, तीन प्लॅस्टिकच्या."

"मग खाली कोणी ओढलं?"

समोर मातीचा बांध, मागे गाई, मध्ये दोन बायका. ओढणारं तिसरं कोणी नव्हतं.

ओलीटाने पुन्हा चाप ओढला. कोंबडीने पुन्हा दाणा टिपला. रिव्हॉल्व्हर अजून काही करायच्या आत ती त्याला घाबरून खाली दाबत होती, आणि असं ती आजच करत नसणार. सहा वर्षांपूर्वी, त्या दुकानाच्या अंगणातही केलंच असेल. पाचात पाच दाणे.

तिने रिव्हॉल्व्हर फळीवर ठेवलं आणि घडीच्या खुर्चीत बसली.

"खार धावत नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"खार. फांदीवर बसून खात होती. आणि मी नेम धरला होता तो तिच्या शेजारच्या मोठीवर."

मार्लाने तोंड बांधाकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते. मग ओलीटाचेही हलायला लागले, आणि त्या दोघी अशा हसल्या की डॉयलच्या गाई माना वर करून बघायला लागल्या. चौदा वर्षांत एकत्र हसण्याची ती पहिलीच खेप असावी. ओलीटाने मोजायचा प्रयत्न केला, दुसरी आठवली नाही.

मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी. आधी मार्लाचं, मग ओलीटाचं. गोळ्या फ्रीजरवर. दोनदा बोट घालून बघायचं, आणि दुसरीला दाखवायचं. मग कोंबड्यासमोर उभं राहायचं. मार्लाने नळीवर एक पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, आडवी ठेवली आणि म्हणाली, "आता चाप ओढा, पण ही पडू द्यायची नाही." पहिल्या दिवशी पेनी बीन्समध्ये पडली. दुसऱ्या दिवशी चुलीमागे. ओलीटाने शिवी दिली, कोंबड्याची क्षमा मागितली, पुन्हा उभी राहिली. चौथ्या दिवशी पेनी एकदा राहिली आणि ओलीटाने मागे वळून बघितलं, कोणी बघितलं का म्हणून, तर वळताना पडली.

गावात ती आता पियानोबद्दल बोलत नव्हती. केसांच्या दुकानात कोणीतरी मुद्दाम विचारलं, "सून अजून टक् टक् करते का?" तर ओलीटा म्हणाली, "माझ्या घरात कोण काय करतं याची चौकशी तू कधीपासून करायला लागलीस?"

त्या दोन आठवड्यांत खऱ्या गोळ्या दोनदाच झाडल्या. दहा आणि दहा. अकरावी नाही. हाताची सूज गेली, आणि थाळीत पहिल्या वेळी पाच, दुसऱ्या वेळी सात भोकं पडली. शनिवार आला.

या वेळी तिने पाई भाजली नाही. तेच सगळे जमले होते, ब्रदर लॉनींच्या हातात फळीला लावलेला कागद. डॉयलने फॉर्म काढला.

"सराव किती करता, मिस ओलीटा?"

"रोज दहा मिनिटं, रिकाम्याने. आठवड्याला दहा, भरलेल्याने."

"आणि आधी?"

"आधी एक खार," ओलीटा म्हणाली.

ती उभी राहिली. नळीवर पेनी आहे असं मनात धरलं. पाच. तिने चकरी उघडली, पुंगळ्या पाडल्या, पुन्हा भरल्या; एक गोळी गवतात पडली, ती सोडून दुसरी घेतली. पुन्हा पाच. शेवटच्या दोनांच्या वेळी खुबा ठणकायला लागला होता आणि तिला घाई झाली होती.

डॉयल थाळीकडे गेला, बोटाने मोजलं, परत मोजलं. "आठ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रदर लॉनींनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "मिस ओलीटा, दार तुमचं."

दार तिचं. याच्यासाठी हात सुजवला होता, पेनी बीन्समधून काढली होती, खारीचं खरं सांगून टाकलं होतं. पण ओलीटा टाळ्या घ्यायला थांबली नाही. काठी टेकत ती चौकटीपर्यंत गेली. घाई न करता गेली. थाळीत आठ भोकं. नववं थाळीच्या वर, दोन बोटं सोडून, पुठ्ठ्यात. दहावं पुठ्ठ्यातही नव्हतं.

"दहावी कुठे गेली?"

"बांधात," डॉयल म्हणाला. "बांध त्याच्यासाठीच असतो."

ओलीटाने बांधाकडे बघितलं. मग तिने डोळ्यांसमोर चर्चचं दार आणलं. आत शिरलेल्या कोणावर तिथून नेम धरायचा झाला तर त्याच्या मागे काय असायचं? कोट टांगायच्या खुंट्या. डोनटचं टेबल, त्याच्याभोवती पोरं. वॉकर घेऊन उभी असलेली तिची मैत्रीण आयडा. आणि त्यापलीकडे लहान मुलांच्या खोलीचं अर्धं दार, वरून आत बघता यावं म्हणून अर्धं ठेवलेलं. बांध कुठेच नव्हता. अकरा वर्षं ती त्या सगळ्यांची राखण करते आहे असं समजत होती. अकरा वर्षं त्यांची राखण देवानेच केली होती, आणि मुख्यतः ओलीटापासून.

ती परत आली. रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, मार्लाला दाखवलं, आणि मार्लाच्याच पिशवीत टाकलं.

"ब्रदर लॉनी, दाराशी मी उभी राहीन. हात मी मिळवीन, गुडघे मी विचारीन. पर्समध्ये बटरस्कॉच असेल, दुसरं काही नाही. हत्यार मार्लाच्या कमरेला. ती माझ्या बाजूला उभी राहील."

"पण तुम्ही पास झालात, मिस ओलीटा. आठ लागतात, आठ आहेत."

"शाळा सहावीत सुटली माझी," ओलीटा म्हणाली, "पण दहातून आठ गेले की दोन उरतात, एवढं तोवर शिकवून झालं होतं. त्या दोन कोणाच्या घरी पाठवू? आयडाच्या?"

ब्रदर लॉनींनी कागदावरची खूण खोडली, मग काय लिहावं कळेना म्हणून तसाच घडी करून खिशात घातला.

परतताना मार्ला गाडी चालवत होती. अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाली, "तुम्हाला जमलं असतं. अजून महिनाभराने दहाही झाल्या असत्या."

"होतील की. तेव्हा बघू. पुढच्या परीक्षेला तू बाजूला सर."

"हो मॅम."

घरी आल्यावर मार्लाने बीन्स चढवले, डुकराच्या मांसाचा तुकडा टाकला, आच कमी केली. मग रोजच्यासारखी पिस्तूल रिकामं करून, गोळ्या फ्रीजरवर ठेवून आत आली, आणि कोंबड्यासमोर उभी राहण्याआधी जराशी घुटमळली. सासू चुलीजवळ खुर्ची ओढून बसली होती. हातात मोठा डाव होता.

"काय बघतेस?" ओलीटा म्हणाली. "इतकी वर्षं मी म्हणत होते ना, हे तुझं रोजचं टक् टक् फार होतं म्हणून? ते चुकीचं होतं. कमी होतं. माझ्या दारात माझ्या बाजूला उभी राहणार असशील तर दहा मिनिटांनी भागायचं नाही. पंधरा कर. त्यानंतर पंधरा माझी. बीन्स मी बघते."